डाव्या दारातला चौथा स्क्रू

गाडी घेतल्यापासून चार वर्षं डाव्या दारातला स्पीकर खरखरत होता. आवाज जरा वाढवला की दार थरथरायचं आणि बायको म्हणायची, “बंद करा ते, डोकं उठलं माझं!” गाडी आमच्याच चाकणच्या कंपनीतली, आणि दारांच्या लाइनवर तपासणी माझी. मग आपल्याच मालाला नावं कशी ठेवणार? सगळा दोष मी स्पीकरवर ढकलला आणि एका गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, बाहेरचे चांगले स्पीकर बसवायला काळेवाडीत गेलो.

दुकानापुढे उतरलो आणि बघतो तर काय, फिटर ओळखीचा! चऱ्होलीचा हा गडी चार वर्षांपूर्वी आमच्या लाइनवर कंत्राटी होता, दारात स्पीकर बसवायचा. स्पीकर सैल असल्याच्या तक्रारी कागदावर आल्या. मी लिहून दिलं, कामात हलगर्जी. दुसऱ्या दिवशी याला गेटवरूनच परत पाठवलं. तेव्हा तो गेटपाशी ओरडून सांगत होता, “साहेब, पत्र्याची भोकंच मोठी हायेत, स्क्रू धरत न्हाई. मी लाल खूण केली व्हती!” कामगाराला कुठे गडबड वाटली तर तो लाल मार्करने गोल करायचा. आम्ही तपासायचं, आणि सगळं ठीक असेल तरच पिवळी टीक मारायची. मी म्हणालो होतो, खुणाबिणा काही नव्हत्या, बहाणे आहेत सगळे.

आता तोच पुढे येऊन म्हणाला, “बसा साहेब.” ओळख दाखवली नाही. मीही नाही दाखवली.

बसतोय कशाला! मी दारापाशीच उभा राहिलो. हा माणूस डूख धरून असणार, यात मला शंका नव्हती. नव्या स्पीकरच्या खोक्यात जुनं काहीतरी घालेल, एखादी वायर अर्धी कापून ठेवेल, आठवड्याने खिडकीची काच बंद पडेल. चहा आला तोही मी नको म्हणालो. दाराचं कव्हर उतरवून त्याने त्याच्या क्लिपा ताटलीत ठेवल्या आणि म्हणाला, “नऊ हायेत. मोजून घ्या.” हा टोमणाच, मला वाटलं. मी मोजल्या. नऊच होत्या.

दुकानाच्या पायरीवर त्याचे वडील बसले होते. दर दोन मिनिटांनी विचारायचे, “आवळलास का रं नीट? का आपलं उगी फिरीवलंस?” गिऱ्हाइकासमोर! तो नुसता “व्हय आबा” म्हणायचा. खरं सांगतो, मला तो म्हातारा आवडला. निदान एक तरी माणूस माझ्यासारखा विचार करत होता.

तीन स्क्रू निघाले. चौथा नुसता गरगर फिरत राहिला.

“जपून!” मी ओरडलो. “भोक मोठं केलंस ना?”

पायरीवरून लगेच आवाज आला, “क्येलंच आसंल!”

 त्याने स्पीकर बाजूला ओढला, मोबाइलचा उजेड आत टाकला आणि स्वतः मागे सरकला. मी वाकून पाहिलं. भोकाभोवती विटलेला लाल गोल होता आणि त्या गोलावरून आडवी गेलेली पिवळी टीक. लांब शेपटीची, खाली दोन ठिपके. प्रत्येक तपासनिसाची टीक वेगळी असते. दोन ठिपके फक्त मी देतो.

शिफ्ट सुटताना कंपनीची बस हॉर्न मारायची. शेवटची दहा-बारा दारं राहिलेली असायची. मग आम्ही मार्कर उघडाच धरून ओळीने टिका मारत सुटायचो, बघायचं नंतर. नंतर कुणीच बघत नव्हतं. इतकी वर्षं मी भाजीवाल्याच्या काट्यावर संशय घेतला, पेट्रोल पंपावर मशीनपुढून हललो नाही, पण स्वतःच्या हातावर कधी संशय घेतला नाही. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

त्याने पत्र्याच्या मागून मोठा नट लावला, नवा स्पीकर बसवला, चारही स्क्रू आवळले. मग खिशातून पिवळा मार्कर काढून माझ्यापुढे धरला. “हात लावून बघा साहेब. मग मारा.”

मी एकेक स्क्रू बोटाने दाबून पाहिला. एकही हलत नव्हता. मग टीक मारली.

“चूक माझी होती,” मी म्हणालो. “कंपनीला लिहून देतो.”

“आता कंपनीचं काय करू?” तो हळूच म्हणाला. “आबाला सांगा. चार वर्षं झाली, त्याला वाटतंय मी कामचोर, म्हणून नोकरी गेली.”

मी पायरीपाशी गेलो. “बाबा, तुमच्या मुलाने खूण केली होती. मी न बघताच त्यावर ठीक म्हणून टीक मारली. त्याची नोकरी माझ्यामुळे गेली.”

म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अजिबात विश्वास बसलेला दिसत नव्हता. मग मला ओलांडून त्याने मुलाकडे पाहिलं. “ह्यो सायेब खरं बोलतोय का रं?”

“व्हय आबा,” तो म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली. त्यानंतर उजव्या दाराचा स्पीकर बसवून मी निघेपर्यंत त्याने पोराला काहीच विचारलं नाही.