सवयीने गैरहजर

"एकदा वर जाऊन ये," साहेब म्हणाले. "पळत."

मला वाटलं, वरच्या मजल्यावरून काही आणायचं असेल. विचारलं, "काय आणू, साहेब?"

"काही नको. नुसता जा आणि ये. दमा आहे ना तुला? आम्हालाही बघू दे."

साताऱ्यातली एक सरकारी कचेरी. नाव सांगत नाही. दगडी जिना, उंच पायऱ्या. सकाळची साडेअकराची वेळ. साहेबांच्या हातात माझा आजारी रजेचा अर्ज. चार दिवसांचा. सगळ्या टेबलांवरच्या माना माझ्याकडे वळलेल्या.

मी पळालो.

हे आधीच सांगून टाकतो. मी नाही म्हणालो नाही. एसेस्सी झालेला, पंचविशीतला माणूस, कारकुनाची कायम नोकरी, आणि मी शाळेतल्या पोरासारखा जिना चढलो, उतरलो. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. साहेब हसले. "घोड्यासारखा पळतोय की! अजून जा."

चौथ्या खेपेला छाती आवळली. पाचव्यांदा खाली आलो तेव्हा गळ्यातून शिट्टी वाजत होती. जिन्याचा कठडा धरून उभा राहिलो. श्वास आत जात होता, बाहेर पडत नव्हता.

हेडक्लार्क इथलेच, साताऱ्याचे. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. ते टेबलावरूनच म्हणाले, "जागा राखीव मिळाली. आता हवाबी राखीव पायजे काय रं तुला?"

सगळे हसले.

मीही हसलो. श्वास सुटत नव्हता, तरी हसलो. त्याची लाज मला आजही वाटते. त्यांच्या हसण्यापेक्षा माझ्या हसण्याची जास्त.

एकटी हौसाक्का हसली नाही. कचेरीत झाडलोट करणारी बाई. आमच्याच समाजाची, माझ्या आईच्या वयाची. तिनं झाडू टाकला, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि मला दंडाला धरून बसवलं.

"वाकून बस. बोलू नगो. सावकाश सोड."

तिला ते ठाऊक होतं, कारण तिलाही धाप लागायची. तिचं कारण वेगळं. तिच्या हृदयाची झडप खराब होती. दोन खोल्या झाडल्या की ती भिंतीला टेकायची, ओठ निळसर व्हायचे. पण कुणी बघायच्या आत ती परत झाडू उचलायची.

माझं गाव कडेगावजवळचं. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरात एकच गोष्ट सांगितली, शिकायचं. मी शिकलो. आमच्या वस्तीतला सरकारी खुर्चीत बसलेला पहिला माणूस मी. दमा लहानपणापासून होता. आई म्हणायची, "पोरगं नाजूक हाय, वाढंल तसं सुधारंल." सुधारलं नाही.

दम्याचं एक दुखणं छातीत असतं आणि दुसरं कागदात. पहिलं मला झेपायचं. दुसरं झेपत नव्हतं.

अटॅक यायचा पहाटे. उशीला टेकून, तोंड उघडं ठेवून बसून राहायचं. दोन दिवस, तीन दिवस. तेव्हा सरकारी दवाखान्यापर्यंत चालणं शक्य नसायचं. संडासापर्यंत जाणं शक्य नसायचं. मग जरा उतार पडला की मी दवाखान्यात जायचो, रांगेत उभा राहायचो. माझा नंबर येईपर्यंत छाती साफ. डॉक्टर नळी लावून ऐकायचे आणि म्हणायचे, "आत्ता तर काही नाही. मी जे ऐकलं नाही ते कसं लिहू?" ते खोटं बोलत नव्हते. गल्लीतल्या डॉक्टरनं अटॅकमध्ये बघितलेलं असायचं, पण त्याची चिठ्ठी कचेरीत चालायची नाही. सरकारी शिक्का पाहिजे.

आणि शिक्का मिळाला तरी पुढं रुजू व्हायला दुसरा कागद लागायचा. त्यावर डॉक्टर लिहायचे, 'पूर्ण बरा झाला असून कामास योग्य.' माझ्या फायलीत असे किती तरी कागद होते. दर खेपेला पूर्ण बरा. साहेब ते एकाखाली एक लावायचे आणि विचारायचे, "एवढ्या वेळा पूर्ण बरा झालास, मग परत आजारी कसा पडतोस?"

याला उत्तर होतं. पण ते द्यायला लागणारी छाती माझ्याकडे नव्हती.

जिन्याच्या प्रकारानंतर माझी बसायची जागा बदलली. रेकॉर्ड रूममध्ये. खिडकी नाही. जुन्या फायलींचे गठ्ठे, धूळ, वाळवीची माती. मी एफेड्रिनच्या गोळ्या खाऊन काम करायचो. गोळीनं श्वास मोकळा व्हायचा, पण हात थरथरायचा. अक्षर वाकडं यायचं. मग अक्षरावरून बोलणी.

तिथं बसून मी एक गोष्ट ठरवली. चांगलं वाईट तुम्ही ठरवा. मी ठरवलं, आपण यांना दाखवून द्यायचं की आपण नियमानं चालणारे आहोत. बाकीच्यांसारखे रडके नाही. माझ्याकडे चौथ्या श्रेणीच्या लोकांच्या रजांचं काम होतं. शिपाई, पहारेकरी, झाडलोटवाले. त्यांचे अर्ज तपासायचे, टिपणी लिहायची आणि साहेबांकडे पाठवायचे. मी कडक झालो. तारीख चुकली, अर्ज परत. शिक्का पुसट, अर्ज परत. भाऊसाहेब मान डोलवायचे. मला बरं वाटायचं.

त्या पावसाळ्यात हौसाक्का आली नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. तिची लेक सांगलीला दिलेली. धाप वाढली तेव्हा लेक येऊन तिला घेऊन गेली होती आणि तिकडच्या एका दवाखान्यात तिला ठेवलं होतं. बाई परत आली ती अर्ज घेऊन. सोबत दवाखान्याचा केसपेपर. इंग्रजीत.

भाऊसाहेबांनी तो माझ्या टेबलावर टाकला. "तुझ्याच माणसाचं हाय. काय लिवतोस बघू."

एवढंच म्हणाले. कुणी मला जबरदस्ती केली नाही. हे मी कुणावर ढकलू शकत नाही.

मी केसपेपर वाचला. हृदयाचा आजार, विश्रांती, पुन्हा तपासणी, सगळं लिहिलं होतं. फक्त नाव चुकलं होतं. लिहिणाऱ्यानं ऐकण्यात चूक केली असणार. हौसाबाईचं हंसाबाई झालं होतं. वय बरोबर, नवऱ्याचं नाव बरोबर, गाव बरोबर. मला ठाऊक होतं ही तीच. एक ओळ लिहिली असती तर काम झालं असतं. 'नाव लिहिताना चूक झालेली दिसते, सदर बाई तीच आहे.' एक ओळ.

मी लिहिलं, 'सदर कर्मचारी सवयीने गैरहजर राहते. जोडलेल्या कागदावर नाव वेगळे असल्याने तो ग्राह्य धरता येणार नाही.'

खाली सही केली. त्या दिवशी हात थरथरला नाही. अक्षर सुंदर आलं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच 'बस' म्हणाले. "स्वतःच्या माणसाच्या बाबतीतही नियम पाळलास. असं पाहिजे." दुसऱ्या दिवशी माझं टेबल रेकॉर्ड रूममधून बाहेर आलं. खिडकीशी. समोर कडुनिंब, सकाळी वारा. मी दोन महिने एकही रजा घेतली नाही. पोटभर श्वास घेतला.

हौसाक्काला कामावरून कमी केलं.

हुकूम तिच्या घरी गेला. ती तो घेऊन कचेरीत आली. तिला वाचता येत नव्हतं. साऱ्या कचेरीत ती कुणाकडं गेली? माझ्याकडं. पदराखालून कागद काढला, माझ्या टेबलावर पसरला.

"वाच रं बाबा. काय म्हंत्यात?"

हुकुमात माझीच टिपणी उतरवलेली होती. शब्दाला शब्द. मी वाचत गेलो. 'सवयीने गैरहजर' इथं माझा आवाज अडकला.

"म्हंजे काय?"

"म्हणजे... तू मुद्दाम येत नाहीस, असं."

तिनं कागदावर बोट ठेवलं. मग विचारलं, "कुणी लिवलं ह्ये?"

मी म्हणालो, "साहेबांनी."

तिनं कागदाची घडी घातली. "त्यास्नी काय ठावं. तुला ठावं हाय दम लागतो म्हंजे काय हुतं. तुझ्या हातात असतं तर तू असं लिवलं नसतंस."

आणि गेली. फाटकापर्यंत जाताना दोनदा थांबली. मी खिडकीतून बघत होतो. उठून तिला हात द्यायला गेलो नाही.

त्यानंतर मला ती खिडकी सोसेना. वारा यायचा आणि मला वाटायचं, हा तिच्या वाटणीचा आहे. जेवण जाईना. बायको विचारायची, "काय झालंय?" मी म्हणायचो, "छाती." खोटं नव्हतं तसं.

दिवाळीनंतर मला मोठा अटॅक आला. नऊ दिवस घरी. दहाव्या दिवशी कागद घेऊन रुजू व्हायला गेलो, तर साहेबांनी एक टाइप केलेलं पान पुढं केलं. हमीपत्र. 'मला कोणताही जुना आजार नाही. यापुढे मी वारंवार आजारी रजा मागणार नाही. मागितल्यास होणारी कारवाई मला मान्य राहील.'

"सही कर," साहेब म्हणाले. "तू चांगला माणूस आहेस. तुझी फाईल मला स्वच्छ ठेवायची आहे. टेबल तुझं तिथंच राहील."

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

मी वाचलं. परत वाचलं. मला आजार नाही, हे मीच लिहून द्यायचं. हौसाक्काबद्दल लिहिलं तसंच. तिच्याबद्दल मी लिहिलं, आता माझ्याबद्दलही मीच लिहायचं. माझ्याच सहीनं. माझ्या लक्षात आलं की या लोकांना आमच्याविरुद्ध लिहायला दुसरा कारकून लागतच नाही.

"सही करणार नाही," मी म्हणालो.

"का?"

"मला दमा आहे. मरेपर्यंत राहणार आहे. नाही असं लिहून देणार नाही."

"मग परिणाम तुला ठाऊक आहेत."

"ठाऊक आहेत."

मी पेन ठेवलं नाही. ते घेऊनच बाहेर आलो. कपाटातून हौसाक्काची फाईल काढली. माझ्या टिपणीखाली लिहिलं, 'वरील शेरा मी खरी परिस्थिती माहीत असताना लिहिला. तो खोटा आहे. हंसाबाई व हौसाबाई एकच. बाईला हृदयाचा आजार आहे व तो मी डोळ्यांनी पाहिला आहे.' सही, हुद्दा, तारीख.

भाऊसाहेब मागून वाचत होते. त्यांचा चेहरा उतरला. "अरं येड्या, फाड त्ये पान. नोकरी जाईल तुझी."

"पान फाडता येत नाही, भाऊसाहेब. त्याला नंबर आहे."

त्याच संध्याकाळी मी हौसाक्काच्या घरी गेलो. ती दारात सुपात जोंधळे निवडत होती. पाय सुजलेले. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "आक्का, ते साहेबांनी नव्हतं लिहिलं. मी लिहिलं होतं."

तिचे हात थांबले नाहीत. खडा काढला, टाकला.

"त्या दिशी वाचताना तुझा आवाज धरला," ती म्हणाली. "मला वाटलं तुला दम लागला."

मी फेरविचाराचा अर्ज लिहून नेला होता. म्हणालो, "इथं अंगठा दे. मी स्वतः घेऊन जातो. काहीतरी होईल."

"न्हाई."

"आक्का, माझ्यासाठी नको. तुझ्यासाठी."

तिनं तेव्हा माझ्याकडं बघितलं. "तुमच्या कागदावर माझा अंगठा आता नगो. तू आत नगो येऊस. आनि जा आता. मला बोलाया तरास हुतो."

मी गेलो. तिनं माफ केलं नाही. करायला हवं होतं असं मला वाटत नाही.

मला मेमो मिळाला. खोटी टिपणी लिहिली असं मीच कबूल केलं होतं, म्हणून पगारवाढ रोखली आणि बदली झाली कोयनानगरला. हौसाक्काच्या फायलीत माझ्या कबुलीखाली शेरा पडला, 'मुदतीनंतर प्राप्त, सबब विचार करता येत नाही.' दुसऱ्या वर्षी ती सांगलीला लेकीकडं गेली आणि तिथंच वारली. मला कळलं ते महिन्याभरानं. मी रडलो नाही. रडण्याचा हक्क मला होता का, हे अजून ठरलेलं नाही.

कोयनानगरला पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते. घाटातून धुकं खाली उतरलं की माझी छाती बंद. अटॅक वाढले. रजा वाढल्या. पण तिथल्या डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पूर्ण बरा असं लिहू नका. जुना दमा, बरा न होणारा, आज कामास योग्य, असं लिहा." ते म्हणाले, "तुमच्याच नोकरीला अडचण येईल." म्हणालो, "येऊ द्या."

तिथंही माझ्याकडे रजांचंच काम आलं. कागदावर नाव चुकलं असेल तर मी माणसाला समोर बोलावतो, बघतो आणि खाली लिहितो, 'हा तोच आहे.' शिक्का नसेल तर कुठल्या दवाखान्यात गेला ते विचारतो आणि स्वतः पत्र घालतो. हे पुण्य म्हणून करत नाही. त्यानं हौसाक्काचा एक दिवसही परत येत नाही. 'सवयीने' हा शब्द मी त्यानंतर कुणाच्याही नावापुढं लिहिला नाही. लिहा म्हणून तोंडी हुकूम आला, तर लेखी मागतो. लेखी अजून कुणी दिलेलं नाही.

साहेब बदलत राहतात. नवा आला की माझी फाईल चाळतो, रजा मोजतो आणि मला बोलावतो. परवा आलेल्यानंही तेच विचारलं, "हे तुमचं आजारपण किती दिवस चालणार?"

"मी आहे तोवर," मी म्हणालो. "लिहून घ्या."

आणि त्यांनी ते लिहून घेईपर्यंत मी तिथून हललो नाही.