कृष्णवेणीची सोळा पानं

कृष्णवेणीचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कळण्यापेक्षा बरं.

चेन्नईजवळच्या आवडी गावात ती माझ्या समोरच्या घरात राहते. तंजावरकडचं मराठी घराणं, शिक्षण अकरावी. गिंडीच्या एका कारखान्यात तीस वर्षं गिऱ्हाइकांना बोल्टचे नमुने पाठवायचं काम केलं. मी पुण्याची एम.ए. चार वर्षांपूर्वी मी कादंबरी छापली, सात ठिकाणी परीक्षणाला पाठवली. एकानेही पोच दिली नाही. पुस्तकांच्या या गर्दीत माझं कोण उचलणार? प्रती पलंगाखाली आहेत.

गेल्या वर्षी हिनेही सासरच्या गोष्टींचं पुस्तक लिहिलं. म्हटलं, चला, आता हिच्याही पलंगाखाली जागा लागणार. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नवरात्रात तिच्याकडे बाहुल्यांचा कोलू मांडतात. बायका येतात, सुंडल म्हणजे हरभऱ्याची उसळ खातात, निघताना विडा, हळदकुंकू आणि एखादा प्लॅस्टिकचा डबा घेऊन जातात. यंदा डब्याऐवजी सोळा पानांची चोपडी. त्यात एकच गोष्ट, तीही अर्धी. देवनागरीत, आणि उलट बाजूने तमिळ अक्षरांत, कारण तिकडच्या मराठी घरांतल्या नातवंडांना देवनागरी येत नाही. शेवटी फोन नंबर.

"अर्धी का गं?"

"अक्का, बोल्ट विकायचा तर आधी एक हातात द्यायचा. पेटी मागाहून."

"साहित्य म्हणजे बोल्ट नव्हे."

"नव्हेच. बोल्ट कुणी पलंगाखाली ठेवत नाही."

दसऱ्यापर्यंत तिच्या दारात चपलाच चपला. रम्या नावाची आयटीतली मुलगी तर एकदम दहा पुस्तकं घेऊन गेली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

लाल पेन घेऊन मी ती चोपडी तपासायला बसले. पहिल्या पानावर तीन चुका काढल्या. पुढे पेन कधी खाली ठेवलं, आठवत नाही. सोळाव्या पानावर सून माहेरचं पत्र न वाचताच चुलीत घालायला उठते, आणि संपलं. अर्धा तास कसाबसा दम धरला. मग फोन लावला.

"पत्र जाळलं का तिने?"

"हे विचारणाऱ्या तुम्ही एकसष्टाव्या, अक्का. पुस्तक घेऊन जा. येताना तुमची सोळा पानं आणा, पुढच्या नवरात्रात वाटू."

पुस्तक आणलं, एका बैठकीत संपवलं. मग माझी कादंबरी उघडली. सोळाव्या पानावर नायकाच्या आजोबांचं शिक्षणच चाललेलं.

आठवडा झाला, लाल पेन आता त्या पानांवर चालतंय. आजोबा गेले, नायकाची मुंजही गेली. कृष्णवेणीला अजून काही सांगितलेलं नाही.