काटा शून्य दाखवत होता

कोराडी रोडवरच्या धर्मकाट्यावर मी झाडू-पोछा करते आणि चहा ठेवते. कोळशाने भरलेले ट्रक तिथे वजनाला येतात. काट्यावर वजन करणाऱ्या दादांना माझ्यासमोर मारलं, ते लिहिते.

आमचा वजनाचा प्रोग्राम जुना. नव्या कॉम्प्युटरवर तो चालत नाही, म्हणून दादांनी नव्याच्या आत एक जुना कॉम्प्युटर बसवला होता. खरा नाही, स्क्रीनवर खिडकीसारखा उघडणारा. बाहेरच्यात अपडेट आलं की आतलं बिघडायचं. मागच्या खेपेला मी फरशी पुसत होते आणि ते एकटेच बोलत होते, "बाहेरच्यानं वायरचा नंबर बदलवला, अन् आतला जुन्याच नंबरवर वाट पाहून राहिला." त्यांनी आतला नंबर बदलला आणि वजन दिसू लागलं.

त्या सकाळी पुन्हा अपडेट झालं होतं. प्रोग्राम उघडला, पण ट्रक काट्यावर उभा असून वजन शून्य. दादांनी वायर काढून परत लावली. आतली खिडकी बंद केली, उघडली. शून्यच. कोळसा जातो त्या कारखान्याच्या फाटकावर आमचीच वजनाची चिठ्ठी लागते, त्यामुळे कोणाला दुसरीकडे जाता येईना. ट्रकांची रांग हमरस्त्यापर्यंत गेली.

"काहून बे, पिक्चर पाहून राहिला का आत?" काट्यावरच्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला.

"थांब ना गा, करून राहिलो."

"दोन घंटे झाले! शून्य म्हणते. कोळसा भरला मी, का फुगे?"

बाकीचे हसले. तोवर हसत होते.

मी टेबलाखाली पोछा मारत होते. वर पाहिलं तर स्क्रीनवर बाहेरच्या कॉम्प्युटरच्या यादीत वायरपुढे सात होता आणि आतल्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये अजून पाच. चौथी शिकलेय, आकडे वाचता येतात. दादांची नजर दाराकडे लागली होती. सांगायला तोंड उघडलं, पण केबिनच्या खिडकीत सहा-सात पुरुषांची तोंडं होती. मी पदर ओठांशी धरला आणि बादली घेऊन कोपऱ्यात गेले.

मग काच फुटली. ड्रायव्हरने चाक खोलायचा लोखंडी दांडा हाणला होता. काचा दादांच्या मानेत गेल्या. दार लाथेने उघडून दोघांनी त्यांना कॉलर धरून बाहेर ओढलं. पहिला फटका कानावर बसला. ते पडले तेव्हा कोणीतरी तोंडावर बूट मारला. काट्याच्या लोखंडी पत्र्यावर त्यांचा हात दाबून धरला आणि त्यावर टाच आपटली. हाड मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. दादा ओरडले नाहीत. "करून राहिलो, करून राहिलो," एवढंच म्हणत होते.

मी खुर्चीवर बसले. सेटिंग उघडंच होतं. पाच खोडला, सात लिहिला, दादा दाबायचे ते बटण दाबलं. आतली खिडकी उघडायला वेळ लागला. तेवढ्यात बाहेर मी अकरा लाथा मोजल्या.

आकडा आला. मी माइक धरला आणि वाचला, "बेचाळीस हजार सहाशे चाळीस."

भोंग्यातून माझा आवाज सगळ्या रांगेवरून गेला. मारणारे थांबले. ड्रायव्हर दांडा घेऊन आत आला, म्हणाला, "चिठ्ठी दे वं बाई." दिली. चिठ्ठीला त्याच्या बोटांवरचं रक्त लागलं. ट्रक पुढे घ्यायचा होता, म्हणून त्यांनी दादांना पाय धरून बाजूला ओढलं.

दादांचा डावा कान गेला. दोन बोटं वाकत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, काकूनं वाचवलं मले.

काल चहा देताना त्यांनी विचारलं, "काकू, पण तो नंबर तुमाले दिसला केव्हा?"

ऐकायला त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला.

"तुम्हाला बाहेर नेल्यावर," मी म्हणाले.