पलंगाजवळ आणलेलं घर

दारातून आत येताच आक्काने सवयीने भिंतीवर हात मारला, तर हाताला नुसती भिंतच लागली. दिव्याचं बटण जागेवर नव्हतं.

"दादा, बटण कुठं गेलं?"

"खाली आणलंय, पलंगाजवळ," आतून थोरल्या भावाचा आवाज आला. "थांब, लावतो."

दिवा लागला आणि आक्काने कपाळाला हात लावला. दादा जन्मभर वायरमन. लोकांच्या घरात तारा भिंतीआड अशा लपवायचा की शोधून सापडू नयेत. आता त्याच्याच खोलीत जमिनीवर वायरींचं जाळं पसरलं होतं. पंख्याचं बटण उशाशी आलं होतं. स्वयंपाकघरातला फ्रीज तर शेजाऱ्याकडून ओढवून घेऊन चक्क पलंगाला खेटून उभा केला होता, आणि त्यावर चहाची किटली.

"सगळं हाताशी आलं बघ. उठायलाच लागत नाही," तो ऐटीत म्हणाला.

"आणि वायरीत अडखळून मी पडले असते म्हणजे?"

"तू लहानपणापासूनच धांदरट."

मागच्या खेपेला त्याने पलंगावरूनच दार उघडायची कळ बसवली, तेव्हा हीच आक्का कौतुकाने सांगत फिरली होती, "या वयात दादाचं डोकं बघा!" आज ती कळ कशासाठी होती ते उमगलं आणि तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तिने आयुष्य तिकीटखिडकीमागे काढलं होतं. काय हवंय ते धड न सांगणाऱ्या माणसांनी तिला तिथे भरपूर पिडलं होतं. आणि त्यातला सगळ्यात मोठा नमुना तिच्याच घरात निपजला होता.

ती तणतणत आत गेली. शेगडीवर धूळ होती. बाथरूममध्ये उतरायला एक उंच पायरी होती, आणि खाली बादली कोरडी ठणठणीत, साबणाला भेगा.

"आंघोळ कधी केलीस?"

"घरात बसलेला माणूस मळतो कुठं?"

"आणि जेवतोस काय?"

"बिस्किटं असतात. भूकच लागत नाही हल्ली."

"उठ. दारापर्यंत चालून दाखव."

"मी काय परीक्षेला बसलोय?"

"उठ म्हणते ना!"

तो उठला. एक हात गादीवर, दुसरा फ्रीजवर. तिथून दारापर्यंत धरायला काहीच नव्हतं. तिथेच तो थांबला आणि पंखा हल्ली कसा कुरकुरतो ते सांगू लागला.

"पंखा राहू दे. पडलास कधी?"

"पडलो नाही. बसलो."

"कुठं?"

"बाथरूमच्या पायरीवर. जरा जोरात."

आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे फोनवर सांगायला काय झालं होतं? रोज विचारते कसा आहेस, रोज तुझं आपलं 'मजेत'!"

"सांगितलं असतं तर तू या घराला कुलूप लावून मला तुझ्याकडे नेलं असतंस."

"माझ्याकडे? माझ्या भिंती पोखरायला? कोण नेतंय तुला!"

दादाने मान वर केली. "खरंच नाही नेणार?"

इतक्या वेळात त्याने पहिल्यांदाच काहीतरी सरळ विचारलं होतं. आक्काला गलबलून आलं, आणि म्हणून ती आणखीच चिडली.

"राहा इथेच. पण उद्यापासून सकाळी एक माणूस येईल. आंघोळीला मदत करेल, दोन घास रांधून ठेवेल. भिंतींना धरायला दांडे बसतील. आणि हे जाळं निघेल."

"माणूस कशाला? दांडे मी बसवतो."

"त्या पायरीवर उभा राहून? भिंतीला हात लावून तर बघ, बोलणंच टाकीन तुझ्याशी."

दादा पुन्हा पलंगावर टेकला आणि गादीची शिवण उसवत म्हणाला, "बडबड्या नको आणू म्हणजे झालं."

आक्काने पाणी तापवलं, त्याला खांद्याचा आधार देत बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं आणि दार ओढून घेतलं.

"तू जा आता," तो आतून म्हणाला.

"मी इथेच आहे. कडी लावायची नाही. आणि बोलत राहा, आवाज आला पाहिजे."

"काय बोलू?"

"शिव्या दे."

त्याने दिल्या. पाण्याला, पायरीला, ती बांधणाऱ्या गवंड्याला आणि मुख्यतः बहिणीला. आक्का टॉवेल घेऊन ऐकत राहिली. मध्येच आवाज बंद झाला.

"दादा!" तिने दारावर हात ठेवला.

"साबण गेला तोंडात."

"बरं झालं," ती म्हणाली. पण दारावरचा हात काही तिने काढला नाही.