मोहन्याहून आणलेली फ्रेम

सुनंदा, मोहन्याहून निघाले तेव्हा रिक्षात माझ्या मांडीवर काय होतं, ते तुला चांगलं माहितीय. माझाच फोटो. लग्नातला, शेजारचे हे कापून मोठा केलेला, लाकडी फ्रेममधला. तांदळाच्या पिंपामागे लपवलेलास ना गं? मी तांदूळ काढायला गेलेले आणि मीच हाताला लागले! धाकटी जाऊ म्हणून इतकी वर्षं तुझे लाड केले, आणि तुला एवढी घाई?

"ताई, ऐनवेळी धावपळ नको म्हणून करून ठेवला," असं तोंड वर करून म्हणालीस. फोटो कोणी निवडला विचारलं, तर हे पंख्याकडे बघत बसले. तेव्हाच ठरवलं, या घरात मरायचं नाही.

कॅन्सरवरची नेहमीची औषधं थकली होती, मान्य. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी ट्रायलचं सांगितलं, तेही स्पष्ट. "हे औषध माणसांना पहिल्यांदाच देतोय. किती डोस झेपतो ते बघायचंय. तुम्हाला गुण येईलच असं नाही." तुम्ही सगळे म्हणालात, प्रयोगाच्या सशासारखी मरायला कशाला जातेस? अगं, तुमच्या लेखी मी मेलेलेच होते.

आता वर्तकनगरला भाड्याच्या खोलीत राहते, हॉस्पिटल जवळ हवं म्हणून. मोहन्याला सकाळ उजाडायची ती तुमच्या सगळ्यांच्या डब्यांनी. इथे ब्लड सॅम्पल, स्कॅन, फॉलो-अप. तोंड येतं, चेहऱ्यावर पुरळ उठतं. पण कुठे काय दुखतं ते सिस्टर रोज विचारते. तुमच्यापैकी कोणी कधी विचारलेलं? मला झेपलं म्हणून पुढच्या पेशंटना डोस वाढवला. तेवढी तरी कामाला आले.

आई म्हणायची, "रडायचं तर माझ्याकडे येऊन रड, त्यांना दाखवू नकोस." आई गेली, रडायचं राहूनच गेलं.

परवाच्या स्कॅनमध्ये गाठ होती तेवढीच निघाली. कमी नाही, पण वाढलीही नाही. डॉक्टरीणबाईंसमोर हसायलाच लागले. खरं सांगू? पहिली आठवण तुझी आली. उद्याचं मला माहीत नाही, पण मिळेल तो प्रत्येक दिवस तुमच्या नाकावर टिच्चून जगणार.

फ्रेममधला फोटो काढून आरसा बसवून घेतलाय. सकाळी पुरळ बघायला बरा पडतो. काल यांचा फोन आला, "घरी कधी येतेस?" म्हटलं, "घरीच आहे. आणि सुनंदाला सांगा, माझे सगळे फोटो मी अल्बममधून काढून आणलेत. हार घालायला आता दुसरं कोणीतरी शोधा."