दोरा गुंडाळलेल्या बांगड्या

शितल खुटबावात सून म्हणून आली त्याला आठ महिने झाले. गिताबाईंची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत जावेची सून. बघायला गेलो तेव्हा पोरीनं एकदाही मान वर केली नव्हती. गिताबाई वाटेत म्हणाल्या, "वळण हाय पोरीला." आता तीच खाली मान त्यांना खुपायला लागली होती. मिक्सर लागला की शितल कान दाबून वैरणीच्या खोलीत जाऊन बसायची. पाहुण्यांना तोंडावर सांगायची, "तुम्ही लई वेळ बसलाय." पण गाय आजारी पडणार हे घरात सगळ्यांत आधी तिलाच कळायचं.

सोमवारी तिनं हिरवा चुडा उतरवून ठेवला. नवरा विक्रम धडधाकट असताना!

मी देवपूजा आटपून त्यांच्याकडं गेले, तर दारात जीप उभी.

"बाहेरचं हाय हिला," गिताबाई म्हणाल्या. "शिरूरकडं एक बाबा हाय. आठ दिस तिथंच ठिवायची. मार बसला की उतरतंय म्हणत्यात."

शितल उंबऱ्याशी पदराचं एकच टोक चोळत उभी होती. माझ्या मुलाला, सम्राटला, पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी ॲस्पर्जर सांगितलं, ऑटिझमचाच प्रकार. तेव्हा प्रश्नांचा कागद भरताना निम्मी उत्तरं मलाही लागू पडत होती. "तुमच्यातही आहे हे," बाई म्हणाल्या. मी ते फक्त वहीत लिहिलं. घरात कुणाला सांगितलं नाही.

"अक्का, तिला बांगड्यांचा आवाज सोसत न्हाई. एवढंच."

"तुला काय ठावं?"

मी हात पुढं केले. सत्तावीस वर्षं माझ्या बांगड्यांना वातीचा दोरा गुंडाळलेला आहे. सगळं गाव त्याला नवस समजतं.

"ह्यो नवस न्हाई. किणकिणलं की माझं डोकं फुटतं. देवाच्या नावावर खोटं खपवलं मी. हिला न्यायची तर मलाबी जीपमधी घाला."

गिताबाईंनी दोरा चाचपला. "म्हंजी विक्रमच्या बारशाला मधनंच उठून गेलीस ती? वरीसभर बोलले न्हाई मी तुझ्याशी!"

"ताशा लावला होता तुम्ही."

"आगं भवाने, तवाच सांगायचं की!"

तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न दिला. शितलनं आणि मी एकदमच कान झाकले. गिताबाईंनी ते पाहिलं.

"बंद कर रं ते! जा तू, न्हाई यायचं कुणाला."

मग आत जाऊन चुडा आणि दोरा आणून त्यांनी माझ्यापुढं ठेवला. "गुंडाळ. पर दिवेलागणीच्या आत हातात दिसला पायजे."

शितल शेजारी येऊन बसली. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "सैल गुंडाळताय. वाजंल."

हलवून पाहिलं. वाजतच होतं. दोरा सोडून पुन्हा गुंडाळायला बसले.