उंबरा नसलेलं घर

नवी कोरी वस्तू हातात आली की मिस्तरी ती आधी उलटसुलट करून बघत, मग वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळत आणि म्हणत, "ऱ्हाऊ द्या. म्हातारपणले कामले यी." मिलच्या मालकानं दसऱ्याला दिलेली शाल असो, आहेरात आलेला कपबशांचा सेट असो, की मी नाशिकहून त्यांच्यासाठी आणलेली उशी असो. सगळ्यांची वाट एकच, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीची.

जपून वापरणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. पण आमच्या मिस्तरींनी ऐन पंचेचाळिशीत जामनेरच्या बाजारातून म्हातारपणाची काठी विकत आणली होती. एवढा उंच, धडधाकट माणूस खांद्यावर काठी टाकून जिना चढताना बघून मी विचारलं, "मिस्तरी, कुणाला बडवायला निघालात?"

"बडवासाठे नही, बाई. टेकासाठे. आते स्वस्त भेटनी."

ती काठी पुढं कित्येक वर्षं त्यांच्या दारामागं खिळ्याला लटकत होती.

ते जळगावातल्या एका डाळ मिलमध्ये मशीनचं काम बघत. खाजगी नोकरी, पेन्शन वगैरे काही नाही. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि त्यांची बायको. तिला सगळी इमारत अक्का म्हणायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, तळमजल्यावर राहायचे. ते दोघं तिसऱ्यावर, गच्चीच्या बरोबर खाली. तिथलं भाडं कमी होतं आणि ते का कमी होतं हे जळगावच्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात दिवे लागायच्या वेळीसुद्धा त्या भिंतीला हात लावला तर चटका बसे. अक्का फरशीवर पाणी ओतायच्या आणि त्या ओलीवर बसून भाकरी थापायच्या.

मी निवृत्त झाले, पेन्शन सुरू झालं, आणि मिस्तरींना मला चिडवायला एक विषय मिळाला. दर नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायला निघाले की ते जिन्यात अडवायचे. "जिवंत शेतस ना, बाई? नीट दखी ल्या."

एकदा मीही चिडून म्हटलं, "तुम्हाला सरकारचं एवढं वावडं का हो?"

तेव्हा त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडिलांना उतारवयात निराधारांचं अनुदान लागलं होतं. त्यासाठी जिवंत असल्याचं दाखवायला जावं लागे. मिस्तरी तेव्हा तरुण होते. वडिलांना सायकलवर पुढं बसवून कचेरीत नेत. कुणी जेवायला गेलेलं असे, कुणी रजेवर असे. वडील आवारातल्या लिंबाखाली धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत बसून राहायचे. "मना बाप जिवंत व्हता, बाई. समोर बसेल व्हता. तरी त्याले उद्या ये सांगेत." एवढं बोलून ते वर निघून गेले. मिस्तरींनी त्या लिंबाखालीच ठरवलं होतं की आपलं म्हातारपण कुणाच्या खिडकीसमोर उभं राहणार नाही. ते आपण बांधायचं, आपल्या हातानं.

आणि त्यांनी ते खरोखरच बांधलं. धुळ्याला, गावाबाहेर, एक लहानसा प्लॉट घेतला आणि वर्षानुवर्षं दर रविवारी एसटीनं जाऊन एकेक भिंत उभी केली. घर झालं तेव्हा वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. मिस्तरी हात धरधरून एकेक गोष्ट दाखवत होते. पायऱ्या नाहीत, उतार आहे. दारं रुंद, चाकाची खुर्ची जाईल एवढी. दिव्यांची बटणं बसून हात पोचेल इतकी खाली. न्हाणीघरात धरायला कडी. दारापासून थेट पलंगापर्यंत भिंतीला लावलेली लोखंडी दांडी. म्हातारं होण्याची एवढी जय्यत तयारी मी दुसरीकडं कुठं बघितली नाही.

दांडीची गोष्ट मला आधीच ठाऊक होती. जळगावच्या आमच्या जिन्याला धरायला काही नव्हतं. अक्कांचे गुडघे गेलेले, अंगानं ठेंगणी बाई, नवऱ्याच्या खांद्यालाही लागत नसे. ती डाव्या हाताचा तळवा भिंतीला लावत चढायची. त्या पिठाच्या, तेलाच्या हातानं भिंतीवर खालपासून वरपर्यंत एक काळपट पट्टा उठला होता. एका रविवारी बघते तर मिस्तरी टेप घेऊन जिन्यात बसलेले, पायरीपासून त्या पट्ट्याची उंची मोजत होते.

"तिना हात बरोबर आठे पडस," ते मला म्हणाले. "धुळाले दांडी एवढीच उंच लावसू."

मला भरून आलं आणि त्याच क्षणी रागही आला. म्हटलं, "मग आधी इथं लावा की एक दांडी. रोज चढते ती बिचारी."

"आठे कसाले? हाई काय आपलं घर शे?"

धुळ्याच्या घरात एकच गोष्ट नव्हती. उंबरा. मिस्तरींनी तो मुद्दाम ठेवला नव्हता, म्हातारपणी पाय अडकतो म्हणून. अक्कांनी आयुष्यात हट्ट असा एवढाच केला. "उंबरा नही तं हळद-कुंकू कोठे लावू? लक्ष्मी कशी यी घरमा?"

"लक्ष्मीले डोळा शेतस. पाय आपला अडकतस."

आम्ही सगळे हसलो. अक्कांनी मग सपाट फरशीवरच, जिथं उंबरा असायला हवा होता तिथं, हळदीकुंकवाची बोटं ओढली. जेवणावळ उठेपर्यंत पाहुण्यांच्या पायांनी ती पुसून गेली.

आता ते तिकडं राहायला जाणार असं आम्ही धरून चाललो होतो. अक्कांनी तर डबे बांधायला घेतले होते. पण मिस्तरींचे हातपाय चालत होते आणि मिलही चालू होती. "तवलग दोन पैसा जमाडी लेऊ. दवाखाना लागी, औषध लागी." घर भाड्यानं दिलं. भाडेकरू कोण, तर सरकारी खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब आणि त्यांची बायको. पेन्शनवाला माणूस, भाडं बुडणार नाही. मी म्हटलं, "म्हणजे शेवटी सरकारच्याच पैशावर आलात म्हणा." मिस्तरी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

वर्षभरानं एका दुपारी अक्का जिना चढता चढता माझ्या दाराशी टेकल्या. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "बाई, धुळाले उंबरा बसना." साहेबांच्या बायकोला उंबऱ्याशिवाय करमेना, म्हणून मिस्तरींनी स्वतः जाऊन काळ्या दगडाचा उंबरा बसवून दिला होता. अक्कांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "मनासाठे नही व्हयना. भाडेकरूसाठे तरी व्हयना." तांब्या माझ्या हातात देऊन त्या भिंतीला तळवा लावत वर गेल्या.

आमच्याकडं पाणी एक दिवसाआड येतं आणि नळ खाली आहे. एका पहाटे अक्का भरलेली कळशी घेऊन दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता जिना बंद, तळमजल्यावर राहा, चाकाची खुर्ची आणा, न्हाणीघरात धरायला काहीतरी लावा. डॉक्टर एकेक सांगत होते आणि मिस्तरी खाली मान घालून ऐकत होते. ते सगळं त्यांनी बांधून ठेवलेलं होतं. त्यात दुसरे राहत होते.

अक्कांना खुर्चीत बसवून चौघांनी तिसऱ्या मजल्यावर चढवलं.

मी मिस्तरींना सरळ म्हटलं, "साहेबांना घर खाली करायला सांगा. आज सांगा."

"आते तं नवा करार करेल शे, अकरा महिनाना. शब्द देल शे. आनि त्यासना भाडावरच तिनं औषध चालू शे."

"मग अक्कांना माझ्या पुढच्या खोलीत आणा."

"लोकना घरमा कसाले? आपलं घर शे ना, बाई."

मग मीच साहेबांना फोन केला. माणूस सभ्य होता. म्हणाला, "वाईट वाटलं ऐकून. पण आमच्या हिचेही गुडघे गेलेत हो. त्या दांडीशिवाय तिला चालताच येत नाही. करार संपला की बघू." त्याला काय बोलणार? दांडी खरंच चांगल्या उंचीवर होती.

पुढच्या उन्हाळ्यात मी रोज वर जायचे. अक्का तापलेल्या छताकडं बघत पडलेल्या असायच्या. एकदा म्हणाल्या, पेटीतल्या नव्या कपात चहा प्यावासा वाटतो. मिस्तरी ओला पंचा पिळून त्यांच्या कपाळावर ठेवत होते. "धुळाले गयात का काढसूत," ते म्हणाले. मी तिथून उठून आले. थांबले असते तर ती पेटी लाथेनं उघडली असती.

अक्का वैशाखात गेल्या. दवाखान्यातून वर नेल्यानंतर त्या जिना एकदाच उतरल्या. करार संपायला तेव्हा थोडेच दिवस राहिले होते. साहेब वेळेवर घर खाली करून गेले. मिलच्या मालकानंही आता आराम करा म्हणून सांगितलं. सगळं मिस्तरींनी ठरवलं होतं तसंच झालं, आणि ते पेटी आणि काठी घेऊन धुळ्याला निघून गेले.

हिवाळ्यात एका लग्नाला धुळ्याला गेले होते, तेव्हा त्यांच्याकडं डोकावले. तेवढ्या महिन्यांत माणूस पार वाळला होता. एक गुडघा धरत होता. काठी खिळ्यालाच होती. त्यांनी पेटीतल्या कपबशा काढून चहा दिला. कपाला अजून कागदाचा वास येत होता. मी कप खाली ठेवला. खरं सांगते, मला त्यांची कीव आली नाही, राग आला. सगळं आयुष्य या माणसानं पुढं ढकललं, आणि त्यात एक बाई होती.

दारातला काळा उंबरा मी येतानाच पाहिला होता. त्यावर हळदीची ताजी बोटं होती, पुरुषाच्या हातानं ओढलेली, जाड आणि वाकडी.

मी विचारलं, "हा काढला नाहीत? तुम्हाला तर नको होता."

"तिले पाहिजे व्हता ना," ते म्हणाले.

निघाले तेव्हा पोचवायला दारापर्यंत आले. दांडी धरून आले. दांडी अक्कांच्या हाताच्या उंचीची, म्हणून तो उंच माणूस कमरेत वाकून, एक हात खाली सोडून, हळूहळू माझ्यामागं चालत होता. मी चपला घातल्या. त्यांनी दुसरा हात पुढं करून मला खाली बघायची खूण केली.

"जपीसन, बाई. उंबरा शे."